जतन करता येणार नाही

जुलैत केयॉनला साडेपाचलाच अंधार पडतो.
पत्र्याखाली आमचं वर्कशॉप, लाकडाची शेगडी,
खिडकीत जॅमची बरणी,
बरणीत जळालेले मॉस्फेट. एकोणीस.
त्यातले सात एकट्या एलिएसेर मान्सियाच्या बोटीवरचे.

नोल्बेर्तो म्हणाला, अंदाजानं डाग देणं पुरे आता.
तीन कंपन्या आपलं सिम्युलेशन महिनाभर फुकट वापरू देतात.
तू बघ एर्सिलिया,
कुठलं घ्यायचं ते एका पानात लिहून दे.
किंमत वाचून त्यानं चष्मा काढला, पुसला,
पुन्हा वाचली.
तेवढ्यात एका बोटीचं इंजिन आलं असतं.

पहिल्यात वीसच भाग मांडता येतात.
एकविसावा ठेवला की अदबीनं पैसे मागतं.
मी फिल्टर काढून इन्व्हर्टर बसवला,
इन्व्हर्टर कापून फिल्टर बसवला.
अंथरूण पाहून पाय पसरावे, कबूल,
पण इथे पायच मोजून देतात.

दुसऱ्यात सगळं होतं.
प्रत्येक आलेखावर तिरका फिकट शिक्का,
मूल्यांकनापुरते,
आणि त्याच्याखाली लाटा अशा गुळगुळीत
की एलिएसेर पडद्याकडे बघून म्हणाला,
ही बोट माझी नव्हे.

तिसऱ्यात जतनाचं बटण राखाडी.
दाबलं की एकच ओळ:
या आवृत्तीत जतन करता येणार नाही.
संध्याकाळी संगणक बंद, की दिवसभराचं सर्किट गेलं.
सकाळी कोरा पडदा.
पुन्हा बॅटरी, पुन्हा चार स्विच, पुन्हा ट्रान्सफॉर्मर.
पहिले तीन दिवस मी शिव्या दिल्या.
चौथ्या दिवशी नुसतीच काढत गेले.
मावशी उसवलेला स्वेटर विणायला घेते
तेव्हा लोकरीला जुने वाक असतात,
बोटांना टाका आधीच ठाऊक असतो.
तसं काहीसं.

अकराव्या सकाळी
बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत रेघ ओढताना
हात थांबला.
रेघच ती. दहा दिवस ओढत होते.
चित्रात तारेला लांबी नसते.
पण रोसाउरावर बॅटरी आहे मागे, जाळ्यांच्या पेटीखाली,
आणि इन्व्हर्टर पुढे, सुकाणूपाशी.
मधे साडेतीन मीटर केबल,
बाकाखालून वळसे घेत गेलेली.
मी स्वतःच चिमटे लावले होते तिला.

रेघ पुसली. तिथे छोटं वेटोळं ठेवलं,
दोन-अडीच मायक्रोहेन्री, अदमासानंच.
खाऱ्या हवेनं आटलेला कपॅसिटरही
आटलेलाच मांडला.
चालवलं.
स्विच मिटताक्षणी चोवीस व्होल्टच्या वस्तीत
एक सुळका उठला, नव्वदच्या वर.
मॉस्फेट पंचाहत्तर सोसतो.
मी नोल्बेर्तोला हाक मारली नाही लगेच.
शेगडीत लाकूड सारलं, माटे भरली,
आणि सुळका होता तिथेच आहे का, परत बघितलं.
मग फोननं पडद्याचा फोटो काढला,
जतन करायची दुसरी सोय नव्हती.

शनिवारी केबल आखूड केली,
स्विचांना खेटून नवा कपॅसिटर लावला.
एलिएसेरनं दिवा लावला, विझवला, लावला,
आणि काही न बोलता
बादलीभर शिंपले दिले.

तिसाव्या दिवशी पान लिहून दिलं.
शिफारस: दुसरं.
कारण: लायब्ररी मोठी, वेग चांगला, आणि काम जतन होतं.
नोल्बेर्तोनं विचारलं, मग चूक कुठल्यात सापडली?
तिसऱ्यात, मी म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
सही केली तरीही.

आता सगळं जतन होतं.
जुनी फाइल उघडायची, आकडे बदलायचे, चालवायचं.
ऑगस्टभर बरणी एकोणीसवरच होती.
सप्टेंबरात मेलिंकाहून आलेल्या एका बोटीनं विसावा आणला.
मी त्या बोटीची फाइल उघडली,
माझीच, नीट नाव दिलेली,
आणि बराच वेळ नुसती बघत बसले.
मग बंद केली.
नवीन. कोरा पडदा.
आधी बॅटरी.